वजनाचं इंजेक्शन सुरू करताय? ताटात काय वाढायचं ते आधी ठरवा

माझ्या थोरल्या वहिनींचं इंजेक्शन सुरू होऊन सहा आठवडे झाले होते. वजन साडेपाच किलोने उतरलं होतं, त्या खुशीत होत्या. स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या. निवडून झाली, उठायला गेल्या आणि उठवेना. एक हात ओट्यावर, दुसरा माझ्या खांद्यावर, तेव्हा कुठे उभ्या राहिल्या. वजन कमी झालंय, मग उठणं सोपं व्हायला हवं होतं.

“वहिनी, काल दिवसभरात काय खाल्लंत?”

“अगं, भूकच लागत नाही बघ. सकाळी चहा, दोन बिस्किटं. दुपारी अर्धी वाटी मऊ भात आणि मेतकूट. रात्री कपभर दूध.”

मी मनातल्या मनात हिशेब केला. दिवसाची प्रथिनं पंधरा ग्रॅमसुद्धा भरेनात. त्यांना लागतात किमान साठ. मी आहारतज्ज्ञ आहे, हा हिशेब रोज दुसऱ्यांसाठी करते, आणि घरातच तो चुकत होता.

वजनाचं हे इंजेक्शन, म्हणजे सेमाग्लुटाइड किंवा तिर्झेपॅटाइड, भूक कमी करतं. उरलेल्या भुकेत काय खायचं हे ते सांगत नाही. एरवी चार पोळ्या खाणारा माणूस एका पोळीवर आला, तर त्या एका पोळीसोबत काय आहे यावर त्याचे स्नायू, केस, हाडं आणि पुढच्या वर्षीचं वजन अवलंबून असतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे. ज्यांचं सुरू आहे त्यांच्यासाठी, ज्यांचं सुरू व्हायचं आहे त्यांच्यासाठी, आणि घरात जे रांधून वाढतात त्यांच्यासाठीही.

आधी टेप घ्या, मग वजनकाटा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती याचा आकडा. तो काढायला किलोमधल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागायचं. वहिनींचं सुरुवातीचं वजन ८२ किलो, उंची १.५५ मीटर, म्हणजे बीएमआय साधारण ३४. युरोपीय लोकांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ला आखलेली आहे. आपल्याकडे २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात.

ही रेषा खाली का, हे समजायला पुण्याचं एक उदाहरण फार चांगलं आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण मोजल्यावर युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दिसायला बारीक, आतून चरबीदार, अशी आपली ठेवण आहे, आणि ही चरबी पोटात साठते. म्हणून बेंबीच्या पातळीवर टेप लावा. पुरुषांमध्ये ९० सेंटीमीटर आणि बायकांमध्ये ८० सेंटीमीटरच्या वर गेलं की काळजी घ्यायची. पोट आत ओढून मोजू नका, श्वास सोडल्यावर मोजा.

आकडा वर आला म्हणजे लगेच औषध लागतं असं मात्र नाही. इंजेक्शनच्या माहितीपत्रकात सहसा बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, किंवा किमान २७ असून सोबत मधुमेह, रक्तदाब, झोपेत श्वास अडकणं असा काही त्रास, अशी अट असते. लग्नाआधी पाच किलो उतरवायचे म्हणून हे औषध घेऊ नका. माझ्याकडे असे फोन येतात, आणि मी दरवेळी नाही म्हणते.

आणि एक मनापासून सांगते. लठ्ठ माणसाला आळशी, खादाड म्हणायची आपली जुनी सवय आहे. भूक, पोट भरल्याची जाणीव, चरबीचा साठा हे सगळं मेंदू, आतडं आणि संप्रेरकं (हार्मोन्स) मिळून चालवतात. वजन उतरलं की शरीर भूक वाढवून ते परत मिळवायला बघतं. औषधाची मदत घेणाऱ्याला कुणी टोमणा मारत असेल तर त्याला हे जरूर सांगा.

डॉक्टरांकडे जाताना

एमडी मेडिसिन किंवा एंडोक्रायनॉलॉजिस्ट (संप्रेरकांचे तज्ज्ञ) यांच्याकडेच जा. मेडिकलवाल्याने, जिमच्या ट्रेनरने किंवा ब्यूटी पार्लरमधल्या कुणी दिलेलं इंजेक्शन घेऊ नका. जाताना सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. नावं आठवून सांगण्यात चुका होतात.

रक्तातली साखर आणि एचबीएवनसी (गेल्या तीन महिन्यांची सरासरी साखर), थायरॉइड, लिव्हर, किडनी, कोलेस्टेरॉल या तपासण्या बहुतेक डॉक्टर करायला सांगतात. त्यात माझ्याकडून तीन जोडा: हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व. शाकाहारी घरांमध्ये बी-१२ आधीच कमी असतं, खाणं अर्ध्यावर आल्यावर ते आणखी घसरतं.

काही गोष्टी विचारल्या नाहीत तरी आपणहून सांगायच्या. घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कॅन्सर झाला असेल तर ही इंजेक्शनं देत नाहीत. पूर्वी स्वादुपिंडाला सूज आली होती का, पित्ताशयात खडे आहेत का, मधुमेहामुळे डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झालाय का, हेही सांगा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर तिचा डोस कमी करावा लागू शकतो, नाहीतर साखर एकदम खाली येते. रक्तदाबाच्या गोळीचंही तेच, वजन उतरेल तसं उठताना गरगरायला लागतं.

मूल हवं असेल तर सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी बंद करावं लागतं. तिर्झेपॅटाइड घेताना गर्भनिरोधक गोळीचा असर कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे कंडोमसारखी दुसरी काळजी घ्यायची. पीसीओएस (संप्रेरकं बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) असलेल्या मुलींचं वजन उतरलं की पाळी नियमित होते आणि दिवसही राहू शकतात. हे त्यांना आधी कुणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिलं.

कोणतं औषध काय करतं

जेवण आतड्यात पोहोचलं की आपलं आतडं जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सोडतं. ते मेंदूला पोट भरल्याचं कळवतं, पोट सावकाश रिकामं होऊ देतं आणि इन्सुलिनला मदत करतं. पण ते काही मिनिटांतच विरून जातं. सेमाग्लुटाइड ही त्याचीच टिकाऊ नक्कल आहे, आठवड्यातून एकदा टोचायची. वजनासाठीचं त्याचं ब्रँडनाव वेगोवी, मधुमेहासाठीचं ओझेम्पिक. तिर्झेपॅटाइड, म्हणजे मौंजारो, जीएलपी-१ सोबत जीआयपी या दुसऱ्या संप्रेरकाचंही काम करतं.

भारतात मौंजारो मार्च २०२५ मध्ये आलं आणि वेगोवी त्याच वर्षी जूनमध्ये. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातली मुदत मार्च २०२६ पर्यंतची होती. पेटंट सुटलं की तेच औषध वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावांनी मिळू लागतं, म्हणून चिठ्ठीवर आणि खोक्यावर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा जुळवून बघायची सवय लावा.

किती फरक पडतो? सेमाग्लुटाइडच्या २०२१ सालच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांनी सरासरी १४.९ टक्के वजन उतरलं, नुसती आहार-व्यायामाची मदत मिळालेल्यांचं २.४ टक्के. तिर्झेपॅटाइडच्या सर्वात मोठ्या डोसने ७२ आठवड्यांत सुमारे २१ टक्के. ८२ किलोच्या माणसासाठी १५ टक्के म्हणजे बारा किलो, आणि तेही सव्वा वर्षात. दोन महिन्यांत वीस किलो सांगणारी जाहिरात दिसली तर पुढे जा.

सेमाग्लुटाइडची गोळीही आहे, पण आपल्याकडे ती मधुमेहासाठी आली. ती घ्यायची पद्धत कडक आहे. सकाळी रिकाम्या पोटी, अर्ध्या ग्लासापेक्षा जास्त पाणी नाही, आणि नंतर अर्धा तास काहीही नाही. चहासुद्धा नाही. हे जमणार नसेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा.

जुनी ऑर्लिस्टॅट अजून लिहून दिली जाते. ती भुकेला हात लावत नाही, जेवणातल्या चरबीचा सुमारे तिसरा हिस्सा पचूच देत नाही. तो हिस्सा तसाच बाहेर पडतो. म्हणून ही गोळी घेऊन भजी खाल्ली की शौचाला तेलकट, अनावर होतं. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वंही त्यासोबत निघून जातात, त्यांची गोळी रात्री झोपताना वेगळी घ्यावी लागते.

‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिननावाच्या पुड्या आणि चहा यांपासून लांब राहा. सिब्युट्रामिन हे औषध हृदयाच्या धोक्यामुळे बाजारातून काढून टाकलं गेलं, तरी अशा वजनाच्या पावडरींमध्ये ते चोरून मिसळलेलं जगभरात वारंवार सापडलं आहे. पुडी घेतल्यावर धडधड, झोप उडणं, तोंड कोरडं पडणं असं झालं तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

इंजेक्शनचा दिवस

एक वार ठरवा आणि तोच ठेवा. मळमळ होते ती बहुतेकांना पहिल्या एक-दोन दिवसांत, म्हणून ज्या दिवसानंतर घरात निवांतपणा असतो तो वार बरा. बेंबीपासून दोन इंच सोडून पोटावर, मांडीच्या पुढच्या बाजूला किंवा दंडाच्या मागे. दरवेळी जागा थोडी बदला. सुई दरवेळी नवी. वापरलेली सुई जाड प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्यात साठवा आणि डबा भरला की दवाखान्यात द्या. कचरा वेचणाऱ्या बाईच्या हातात ती सुई जाऊ नये.

औषध फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत. फ्रीजरला चिकटून ठेवू नका, एकदा गोठलं की ते टाकून द्यायचं. तिर्झेपॅटाइडची कुपी ३० अंशांच्या आत असेल तर फ्रिजबाहेर २१ दिवस चालतं. ब्रँडप्रमाणे हे बदलतं, म्हणून खोक्यातला कागद फेकू नका. पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे खोलीतच चाळीस अंश असतात आणि वीजही जाते. तिथे साधा थर्मास, त्यात बर्फाची पिशवी, पिशवीवर रुमाल आणि त्यावर औषध, असं ठेवा. बर्फाला थेट टेकू देऊ नका. बंद गाडीत तर पाच मिनिटंही नको.

डोस लहान सुरू होतो आणि चार-चार आठवड्यांनी वाढतो. सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून ०.५, १, १.७ करत २.४ पर्यंत, तिर्झेपॅटाइड २.५ पासून कमाल १५ पर्यंत. सगळ्यांनी कमाल डोसपर्यंत जायलाच हवं असं नाही. आहे त्या डोसवर वजन उतरतंय आणि त्रासही नाही, तर तिथेच थांबता येतं. डॉक्टरांना तसं विचारा, पैसेही वाचतात. मौंजारोची पहिली कुपी आली तेव्हा २.५ मिलिग्रॅमची ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती, आणि महिन्याला चार लागतात. डोसबरोबर खर्च कसा चढतो ते यावरून कळेल.

डोस विसरला तर? तिर्झेपॅटाइडला चार दिवस झाले नसतील तर आठवताक्षणी घ्या, त्याहून उशीर झाला तर सोडून द्या. वेगोवीला पुढचा डोस दोन दिवसांहून लांब असेल तरच घ्या. दोन डोस एकत्र कधीच नाहीत. दोन-तीन आठवडे खंड पडला असेल तर जुन्याच मोठ्या डोसवर उडी मारू नका, आधी डॉक्टरांना फोन करा.

आता ताट

वहिनींसाठी मी जो नियम लावला तो एवढाच: आधी उसळ-वरण-अंडं-मासा, मग भाजी, मग भाकरी, आणि जागा उरली तर भात. आपल्याकडे आधी वरणभात कालवून सुरुवात करतात. इंजेक्शनवर असलेल्या माणसाचं पोट तिथेच भरतं आणि उसळ वाटीत राहते.

प्रथिनं किती? जे वजन गाठायचं आहे त्या वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ग्रॅम. कुणाला ६० किलोवर यायचं असेल तर सत्तर-बहात्तर ग्रॅम. किडनीचा आजार असेल तर हा आकडा स्वतः ठरवू नका, डॉक्टरांकडून घ्या.

आकडा मोठा वाटतो, पण वाटून घेतला की जमतो. सकाळी ५० ग्रॅम मूग भिजवून वाटून केलेली दोन धिरडी, त्यात १२ ग्रॅम. सोबत दोन उकडलेली अंडी, आणखी १२. दुपारी ४० ग्रॅम मटकीची उसळ, एक ज्वारीची भाकरी आणि वाटीभर दही, मिळून सोळा. चार-पाचच्या सुमारास ग्लासभर दूध आणि मूठभर फुटाणे, बारा. रात्री घट्ट वरण आणि ५० ग्रॅम पनीर, सोळा. झाले अडुसष्ट. अंडी चालत नसतील तर सोयाबीनच्या वड्या २५ ग्रॅम भिजवून, पिळून, कांद्यावर परतायच्या, दोन अंड्यांइतकी प्रथिनं त्यातून मिळतात. कोकणात आणि गोव्यात तर प्रश्नच सोपा आहे. बांगडा, कोलंबी, सुरमई, जे ताजं असेल ते, फक्त तव्यावर कमी तेलात किंवा पातळ तिखल्यात. रवा लावून तळलेला तुकडा या दिवसांत पोटात दगडासारखा बसतो.

पातळ वरणाबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. “मी रोज डाळ खाते” असं सांगणाऱ्या बाईच्या वाटीत बघितलं तर वर हळदीचं पाणी आणि तळाशी दोन चमचे डाळ असते. एवढ्यातून चार ग्रॅमही मिळत नाहीत. म्हणून शिजवायच्या आधी डाळ मोजा. घरी वजनकाटा नसेल तर मोठे दोन-अडीच चमचे कोरडी डाळ म्हणजे साधारण तीस ग्रॅम, ती एका माणसाची. वरण चमच्यावरून सावकाश ओघळलं पाहिजे. पिठलं याच कामाचं आहे, बेसनात शंभर ग्रॅमला वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं असतात. फक्त तेलाची फोडणी चमचाभर.

चक्का हा माझा सगळ्यात आवडता उपाय. श्रीखंडासाठी बांधतो तसं अर्धा किलो दही रात्री फडक्यात बांधून टांगायचं. सकाळी त्यात साखर न घालता मीठ, जिरेपूड, किसलेली काकडी, हिरवी मिरची. थंड, आंबट, चावावं लागत नाही, आणि मळमळत असलं तरी घशाखाली उतरतं. खाली निथळलेलं पाणी भाकरीच्या पिठात घाला.

दाणे, तीळ, सुकं खोबरं पौष्टिक आहेत, पण त्यात तेल भरपूर. दाण्याची चटणी चमचाभर घ्या, वाटीभर नाही. फळांचा रस नको, अख्खं फळ खा. पेरू सगळ्यात चांगला. नाचणी कॅल्शियमसाठी ठेवा, अंबिल करून ताकात कालवून. लोहासाठी अळीव, पाण्यात भिजवून, वर लिंबू पिळून. आणि तहानही कमी लागते या औषधाने, म्हणून दीड-दोन लिटर पाणी बाटलीत मोजून ओतून ठेवा. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल तर तोच नियम पाळा.

मळमळ, कळ, बद्धकोष्ठ

पोट सावकाश रिकामं होतं, त्यामुळे आधीच्या सवयीने खाल्लं की उलटी होते. ताट लहान घ्या, घास सावकाश, आणि पोट भरल्याची पहिली खूण आली की हातातला घास खाली ठेवा. पानात टाकायचं नाही हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, म्हणून वाढतानाच निम्मं वाढा. जेवणासोबत ग्लासभर पाणी पिऊ नका, अर्ध्या तासाच्या अंतराने प्या. जेवून लगेच आडवं होऊ नका. तळलेलं, फार तिखट, फार गोड हे डोस वाढवलेल्या आठवड्यात बंद.

मळमळलं की आल्याचा छोटा तुकडा मिठासोबत चघळा, किंवा कोकमाचं आगळ पाण्यात घालून घोट घोट प्या. सोलकढी नको, नारळाच्या दुधातलं स्निग्ध जड जातं. त्या दिवशी भाताची पेज आणि मुगाचं कढण चालेल, पण एखादाच दिवस. वहिनींचं तिथेच चुकलं, पेज आणि मऊ भात त्यांनी सहा आठवडे लांबवला.

बद्धकोष्ठाला गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा, पालेभाजी, पाणी आणि चालणं. तरी नाही झालं तर रात्री इसबगोल, त्यावर पूर्ण ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर इसबगोल उलट अडकून बसतं.

तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात आणि बायका घाबरतात. वजन भराभर उतरल्याने हे होतं, प्रथिनं आणि लोह भरून निघालं की काही महिन्यांत थांबतं. महागडं तेल घेऊ नका, आधी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा.

हे झालं तर थांबू नका, दवाखाना गाठा

पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून कळ पाठीत जाते आणि उलट्या होतात, ती स्वादुपिंडाची सूज असू शकते. उजव्या बरगडीखाली दुखून ताप येतो किंवा डोळे पिवळे दिसतात, ते पित्ताशय. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते. एका डोळ्याने अचानक दिसेनासं होतं, हे अत्यंत क्वचित घडतं पण त्याला तासाचाही उशीर नको. मधुमेह असणाऱ्याला थरथर, घाम, गोंधळल्यासारखं झालं तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, मग साखर तपासा. ऑपरेशन किंवा एंडोस्कोपी ठरली असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगा. रिकाम्या पोटी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं.

उपवास आणि सणवार

संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार. साबुदाण्याची खिचडी जवळजवळ नुसता स्टार्च आणि तूप, आणि एवढ्याशा भुकेत तीच खाल्ली तर दिवस कोरडा जातो. भगर आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी आणि दही, दूध, पनीर असा उपवास करा. निर्जळी उपवास या औषधावर करू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड चालू असेल तर कोणताही उपवास डॉक्टरांना विचारून.

पुरणपोळी खायची असेल तर खा. एक, दुधासोबत, आणि आधी वाटीभर कटाची आमटी. दिवाळीत चकली-कडबोळी सकाळच्या न्याहारीच्या जागी खाऊ नका, धिरडं खाऊन मग एखादी. आग्रह करणाऱ्यांना काय सांगायचं हा खरा प्रश्न असतो. “पोटाचं औषध चालू आहे, डॉक्टरांनी थोडं थोडं खायला सांगितलंय,” इतकं पुरतं. कुणालाही इंजेक्शनचा हिशेब द्यायला तुम्ही बांधील नाही.

स्नायू राखायचे

चाचण्यांमध्ये उतरलेल्या वजनातला पाव ते चाळीस टक्के हिस्सा चरबीचा नव्हता, त्यात स्नायूही गेले. नुसतं चालून हे थांबत नाही, स्नायूंवर भार पडावा लागतो. घरात खुर्ची आहे तेवढी पुरे. हात छातीवर दुमडून खुर्चीतून उठायचं, बसायचं, दहा वेळा. भिंतीला हात टेकून दंड काढल्यासारखं, दहा वेळा. पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या खांद्यापासून वर उचलायच्या, दहा वेळा. अशा दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. इतर दिवशी अर्धा तास चालणं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून ती उंच करून घ्या.

किती दिवस घ्यायचं आणि बंद कसं करायचं

हा प्रश्न पहिल्या दिवशीच विचारा. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात, उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं, असं त्या २०२१ च्या चाचणीच्या पुढच्या भागात दिसलं. रक्तदाबाची गोळी थांबवली की दाब वाढतो, तसंच हे. म्हणून तीन महिन्यांचे पैसे आहेत आणि पुढचे माहीत नाही, अशा अवस्थेत सुरू करू नका. किमान वर्षभराचा खर्च, डॉक्टरांची फी आणि तपासण्या धरून कागदावर मांडा. विमा कंपनीला आधीच लेखी विचारून घ्या.

बंद करायचंच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने डोस उतरवत उतरवत. भूक दोन-तीन आठवड्यांत परतते आणि जोरात परतते. त्या काळात सकाळची प्रथिनं आणि खुर्चीचा व्यायाम एकही दिवस सोडू नका, दर रविवारी कंबर मोजा. तीन सेंटीमीटरने वाढली तर वजन वाढायची वाट न बघता डॉक्टरांना भेटा.

वहिनींनी फ्रिजच्या दारावर एक कागद चिकटवलाय. त्यावर चार रकाने आहेत: सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र. प्रत्येक जेवणाला मूग, मटकी, अंडं, दही, जे पोटात गेलं त्याची खूण. खाली एक ओळ खुर्चीची. पहिल्या आठवड्यात त्या ओळीत चार लिहिलं होतं. परवा गेले तेव्हा बारा होतं, आणि त्या खाली बसून पावट्याच्या शेंगा सोलत होत्या.

“थांब, तू बस. चहा मी टाकते,” म्हणाल्या, आणि सोललेल्या दाण्यांची परात दोन्ही हातांत धरून उठल्या.